आठातनं सात

मी धोंडुबाई. मला राग लवकर येतो, उचगावात कुणालाबी इचारा. आमच्या भिंतीला भिंत लागून करीमचं घर. शिरोलीतल्या ज्या कारखान्यात आमचं मालक लोखंड ओतायच्या कामाला, तिथंच करीमबी. एकोणऐंशी साली एका बुधवारी सांजंला साच्याच्या लोखंडी पेट्यांची थप्पी अंगावर कोसळून करीम गेला. थप्पीला टेकून बसला आन त्याचा डोळा लागला म्हणं.

कारखान्यानं कागदावर लिवलं, कामावर येऊन एक तास झाला न्हाय तवर गडी झोपला, चूक त्याचीच. मग गाव काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कोण म्हणालं आळशी, कोण म्हणालं पिलेला. आरं, ज्यानं उभ्या जन्मात बाटलीला हात लावला न्हाय, त्याला पिलेला म्हणताना तुमची जीभ कशी झडत न्हाय?

त्याची बायको शमशाद इद्दतीला बसलेली. नवरा गेला की त्यांच्यात चार म्हैन्यांच्या वर बाई उंबरा वलांडत न्हाय. माझा हात धरून म्हणाली, "आक्का, माझं पोरगं मोठं झाल्यावर ऐकंल, बाप झोपून मेला. तेवढं पुसून आणा." मी मालकांना संगं घेतलं आन कारखान्याचं गेट गाठलं.

टाइम हापिसात सयाजी बसलेला. गडी भला, पण सगळं डोकं कार्डात. हितं कामावर आलेला माणूस घड्याळात कार्ड घालतो आन घड्याळ त्यावर वेळ छापतंय. नुसती वेळ. तारीख न्हाय, सकाळ-सांज न्हाय.

"हे बघा वयनी," सयाजी म्हणाला, "आत आला सातला. घात झाला आठला. आठातनं सात गेलं, एक."

"कुठल्या वारचं सात?"

"बुधवारचं की."

"मंगळवारचं. मंगळवारी सांजंला माझ्या दारावरनं गेला त्यो. रातभर घरला न्हाय. मधली रात आन आख्खा दिवस कुणी गिळला?"

सयाजी मालकांकडं बघाय लागला. मालक म्हणालं, "सयाजीराव, आपल्यातली रीत तुमास्नी ठावं हाय. बदलीचा गडी आला न्हाय की आधीच्यानंच पुढं वढायचं. भट्टी कुणासाठी थांबतीया? त्यात कार्ड परत घालायचं कुणाला सुचतंय? सकाळचा डबा शमशादनं माझ्याच हाती धाडला. दुपारचाबी."

सयाजीनं कपाळाला हात लावला. "केरबा, मी कार्ड सोडून कुणाला इचारलंच न्हाय रं," मालकांना म्हणाला. त्यानं एक खोडून पंचवीस लिवलं, झोपल्याची ओळ काढली आन सायबाचा शिक्का मारून आणला.

मी फुशारकीनं घरला आले. मालकांनी शमशादच्या दाराभाईर हुबं ऱ्हाऊन कागद वाचून दाखवला. मला वाटलं, पोरीच्या जिवाला जरा गारवा मिळंल. पण दाराआडनं तिचा आवाज आला.

"भाईसाब, एवढ्या पंचवीस तासांत त्यो एकदा तरी बसला का?"

मालकांनी मान खाली घातली.

"बसला की, पोरी. त्या थप्पीपाशीच."