नवव्या गाण्यातली रिकामी जागा

तिसऱ्या कडव्याच्या मधोमध मिक्सर सुरू झाला. धाकटीने डोळे मिटून आणखी एक ओळ रेटली, मग हेडफोन मानेवर ओढले आणि आईच्या कपाटातून बाहेर आली. अक्षरशः कपाटातून. आईचे स्वेटर, शाली, जाडजूड कोट यांच्या मधोमध स्टूल टाकून आणि समोर मायक्रोफोन उभा करून ती गेले दोन महिने गात होती. लोंबत्या कपड्यांत आवाज घुमत नाही, अगदी जवळ बसून कुणी बोलावं तसा येतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आठ गाणी झाली होती. अल्बममधलं हे नववं आणि शेवटचं. आईवरचं.

स्वयंपाकघरात थोरली मिक्सरच्या झाकणावर तळहात दाबून उभी होती. भांड्यात काहीही नव्हतं.

"रिकामा फिरवतेयस?"

"धुतलाय. वाळवतेय."

"ताई, माझं चालू होतं."

"माझंही चालूच आहे."

थोरली ग्रंथपाल होती. दिवसभर लोकांना नुसत्या नजरेने गप्प बसवून तिचं पोट चालायचं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण धाकटी सामान घेऊन राहायला आली आणि थोरलीच्या हातून भांडी पडायला लागली, दारं आपटायला लागली, शिंका सात-सात यायला लागल्या. पहिल्या आठवड्यात ती बोलत बोलत आईच्या खोलीत शिरली होती, तेव्हा धाकटी तिच्यावर खेकसली होती: टेबलावरच्या रेकॉर्डिंगच्या मशीनचा लाल दिवा पेटलेला दिसला की तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हापासून थोरलीने तो नियम काटेकोर पाळला होता. शब्द काढला नव्हता. बाकी सगळे आवाज काढले होते.

"बरं, निदान फ्रिज तरी बंद ठेवशील? चार मिनिटं. त्याची घरघर भिंतीतून येते."

"दूध नासेल."

"चार मिनिटांत?"

"माझं दूध आहे. किती मिनिटांत नासतं ते मी ठरवीन."

धाकटीने तोंडाशी आलेली शिवी गिळली. थोरलीने मिक्सर पुन्हा सुरू केला.

हे वैर काही आजचं नव्हतं. आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती चार वर्षं धाकटी गिटार खांद्याला लावून गावोगाव लहान लहान सभागृहांत गात फिरत होती, आणि थोरली आईच्या उशाशी होती. धाकटी रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची, हे खरं. थोरली तो स्पीकरवर टाकून उशीवर ठेवायची आणि धाकटी तिकडून आईला काहीतरी गुणगुणून दाखवायची. आपण आपल्या परीने आईपाशी होतो, असं धाकटीला मनापासून वाटायचं. थोरलीला काय वाटायचं हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी गाणं साधलं. मिक्सर नाही, शिंका नाहीत, फ्रिजही नेमका त्याच्या त्याच्या मर्जीने थोडा वेळ गप्प बसला होता. धाकटीने खुशीत येऊन हेडफोनची तार काढली आणि गाणं मोठ्याने लावलं. धृपद आलं.

*पाणी देऊ का तुला,*
*खिडकी लावू का,*
*आहे मी इथे.*

दारात थोरली उभी होती. हातात घडी घातलेला टॉवेल.

"कोण आहे इथे?"

"अं?"

"कोण आहे इथे, विचारतेय. कोण होतं इथे?"

धाकटीने गाणं थांबवलं. "ताई, गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारीच असते असं नाही."

"असं का? मग लोक टाळ्या वाजवतील त्या कुणासाठी? की त्याही त्या 'मी'च्या घरी पाठवून देणार आहेस?"

"तुला गाण्यातलं काही कळत नाही, तर—"

"गाण्यातलं नाही कळत. पण ही वाक्यं माझी आहेत."

"काय?"

"मी म्हणायचे आईला. हीच वाक्यं, रोज. तू कुठून उचललीस?"

"उचलली? मी लिहिलीयत! सहा महिने घासलंय मी हे धृपद. या तीन ओळींसाठी शंभर कागद फाडलेत."

थोरली हसली. तिचं ते हसणं धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि लहानपणापासून त्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"चार वर्षं उशाशी मी बसायचं आणि गाण्यात तू. चांगलं आहे. वर मलाच गप्प बसायला सांगायचं." टॉवेल पलंगाच्या कडेला टाकून ती निघाली आणि वळली. "हे गाणं मी बाहेर जाऊ देणार नाही. लक्षात ठेव."

शनिवारी दुपारी धाकटी गिटारची नवी तार घेऊन घरी आली, तर आईच्या कपाटाची दारं सताड उघडी होती आणि आत एक हँगरसुद्धा नव्हता. तिचं स्टूल तेवढं मधोमध उभं होतं. स्टुलावर मायक्रोफोन आडवा ठेवलेला, रुमालात गुंडाळून. थोरलीचा राग असाच होता. तोडफोड करायची नाही, सगळं नीट ठेवायचं.

"जुने कपडे नेणारी गाडी पुढच्या महिन्यात येणार होती ना?"

"आजच बोलावली." थोरली पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "अकरा पिशव्या झाल्या."

"मला विचारायचं तरी!"

"तू विचारलंस?"

धाकटीने कपाटात शिरून एक टाळी वाजवली. आवाज न्हाणीघरात घुमावा तसा घुमून परत आला. आईचा वास गेला होता आणि डांबरगोळ्यांचा राहिला होता. तिला रडू कोसळलं, आणि थोरलीला ते ऐकू जाऊ नये म्हणून तिने शालीत तोंड खुपसायला हात पुढे केला. शाल कुठली असायला.

मग तिला राग आला. असला राग, की आता थोरलीला खोटं पाडल्याशिवाय घोटभर पाणीही घशाखाली उतरू नये. पुरावा तिच्याकडे होता. सुचलेली प्रत्येक चाल ती पहिल्यापासून रेकॉर्ड करून ठेवायची, तारीखवार, अर्धवट, बेसूर, कशीही. हे धृपद ज्या दिवशी पहिल्यांदा सुचलं तो दिवस शोधायचा आणि थोरलीच्या कानाशी लावायचा. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि मागे मागे जाऊ लागली. सहा महिन्यांपूर्वीचं सापडलं. त्यात धृपद तयारच होतं, म्हणजे त्याच्याही आधीचं पाहिजे. आठ महिने. वर्ष. चौदा महिने.

चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ती कुठल्याशा लॉजच्या खोलीत गिटारवर दोनच सूर घोळवत होती. मध्येच फोन लागल्याचा आवाज, तिचं स्वतःचं "ऐक हं आई," आणि पुन्हा ते दोन सूर. मशीन चालूच राहिलं होतं. मग फोनच्या पलीकडून, लांबून, भांड्याचा आवाज, पावलं, आणि थोरली. फोनवर कुणी ऐकतंय याचं भान नसलेली.

"पाणी देऊ का तुला?"

बराच वेळ काही नाही.

"खिडकी लावू का?"

पुन्हा काही नाही. मग अगदी खाली उतरलेला, दमलेला आवाज: "आहे मी इथे."

धाकटीने ते पाच वेळा ऐकलं. शब्द तर होतेच, पण चालही तीच होती. 'का'वर किंचित वर जाणारा सूर, 'इथे'वर खाली टेकणारा. सहा महिने कागद फाडून तिने जे शोधून काढलं होतं ते तिच्या कानात आधीपासून पडलेलं होतं, आणि कुणाचं आहे एवढंच ती विसरली होती. तिला लाज वाटली. चोरी सापडलेल्या माणसाला येतो तसला रागही आला, पण तो काढायचा कुणावर हे कळेना.

रविवारी तिने सकाळी उठल्या उठल्या आईच्या खोलीची खिडकी लावून घेतली, रस्त्यावरची रहदारी आत येऊ नये म्हणून. कपाटाचा उपयोग उरला नव्हता. तिने खुर्ची पलंगाशेजारी ओढली, मायक्रोफोन समोर घेतला आणि पूर्ण गाणं नव्याने गायलं. तीन कडवी. धृपदाच्या जागी गिटारचे दोन सूर आणि त्यावर कुणीच नाही.

दुपारी ती हेडफोन घेऊन थोरलीपुढे जाऊन उभी राहिली.

"ऐक."

"मला नाही ऐकायचं."

"नको ऐकूस. नुसतं कानाला लाव."

थोरलीने हेडफोन घेतले, कुणाचं तरी उष्टं उचलावं तसे. चार मिनिटं ती भिंतीकडे बघत राहिली. धृपदाची जागा येऊन गेली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यांदा आली तेव्हा ओठ हलल्यासारखे वाटले. वाटले असतील नुसते.

"मध्ये काहीच नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच आहे. तुझी वाक्यं होती ती. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये सापडली, तुझ्याच आवाजात."

"मला पुरावा नको होता."

"मला हवा होता."

"मग तोच आवाज चिकटवायचास की. आयता होता."

"तुला न विचारता?"

"आत्तापर्यंत काय विचारून केलंस?"

धाकटी तार गुंडाळू लागली.

"आणि ही घरघर काय आहे मध्ये?"

"फ्रिज. एरवी गाण्याखाली दबतो. रिकाम्या जागेत ऐकू येतो. तिथे मला या खोलीची शांतता भरायचीय. अगदी कोरं ठेवलं तर गाणं तुटल्यासारखं वाटतं, म्हणून खोली गप्प असताना रेकॉर्ड करून ती लावतात. पण इथे खोली गप्प बसतच नाही." शेवटचं वाक्य तिला टोमणा म्हणून म्हणायचं नव्हतं, पण सवयीने तसंच निघालं.

थोरली उठली आणि आत गेली. आता मिक्सर, असं धाकटीच्या मनात आलं. तिने खोलीत येऊन सामान आवरायला घेतलं. आठ गाण्यांचाही अल्बम होतो.

तेवढ्यात घरातून काहीतरी नाहीसं झालं. काय, हे समजायला तिला थोडा वेळ लागला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दूध नासलं तर तू आणायचंस."

धाकटीने धावत जाऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला. ती पलंगाच्या कडेला बसली, श्वासही बेताने घेत. खोली खरोखरच गप्प होती. असं अर्धं मिनिट गेलं असेल.

थोरली दारात येऊन उभी राहिली. तिने टेबलाकडे पाहिलं. पेटलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं, चांगलं निरखून, पुस्तकावरची तारीख तपासावी तसं. मग धाकटीकडे न बघता, उशी होती त्या बाजूला बघून, हळू आवाजात विचारलं,

"खिडकी लावू का?"

धाकटीने उत्तर दिलं नाही. खिडकी सकाळपासून बंदच होती.