सातवी पायरी सोडा

प्रश्न पहिला. चार मजली इमारतीच्या जिन्यातली एक पायरी फुटलेली आहे. तिथे प्रथमच आलेली व्यक्ती तिच्यावरून पडते. जबाबदार कोण? कारणांसह लिहा.

हा प्रश्न परीक्षेत आला असता, तर दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईने दहापैकी नऊ गुण सहज घेतले असते, असं तिला वाटे. तिला सगळी इमारत सूनबाईच म्हणे. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते कोणी भरून द्यायचं, हे सांगणाऱ्या कायद्याच्या पेपरात ती दोनदा आपटली होती. वकिलीच्या सनदेसाठी ही तिसरी खेप. डोक्यात शिरलेलं टिकत नव्हतं आणि टिकलेलं वेळेवर आठवत नव्हतं. वर, कायदा शिकतेच आहे म्हणून इमारतीच्या समितीचं चिटणीसपद तिच्या गळ्यात मारलेलं.

पायरी मात्र खरी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधली, खालून सातवी. कड फुटून लादी डुगडुगत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींनी लेखी तक्रार देऊन आठ महिने झाले होते, ती सूनबाईच्या फायलीत होती. तीन बैठका झाल्या. जिना काळ्या दगडाचा, बाजारात मिळत होता करडा. ठिगळ दिसेल, असं अर्ध्यांचं म्हणणं. मग दुसरीच रीत पडली. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रत्येकाने सांगायचं, ‘सातवी सोडा हं.’ पाहुण्यांना फोनवर पत्त्याबरोबर पायरीही सांगितली जाई. पोरं तर झोपेतही तिच्यावरून उडी मारत. जो अडखळला तो परका, एवढी ती इमारतीची ओळखच होऊन बसली.

एका सकाळी दार उघडं ठेवून सूनबाई घोकत होती. काळजी घेण्याचं कर्तव्य, कर्तव्याचा भंग, त्या भंगामुळेच झालेली हानी. जिन्यात पावलं वाजली. ओळखीची नव्हती. पिशवी कठड्याला घासत होती, प्रत्येक दारापाशी थांबून कोणीतरी पाट्या वाचत होतं. सांगायला हवं, असं तिला वाटलं. पण व्याख्या कुठे आत्ता जिभेवर बसत होती. एवढी संपू दे, मग उठू.

पाच, सहा.

पडलेली बाई परिचारिका होती. चौथ्या मजल्यावरच्या आजींना इंजेक्शन द्यायला रोजची रजेवर म्हणून बदली आलेली. उजवं मनगट मोडलं.

आठवड्याने तिच्या संस्थेचं पत्र आलं. अपघात कसा झाला ते लेखी कळवा, बाईंचीच चूक असेल तर त्यांचं नाव यादीतून काढण्यात येईल. तळमजल्यावरचे अध्यक्ष म्हणाले, सूनबाई, उत्तर तू लिही, तुझा सरावही होईल.

तिने लिहिलं, आणि काय लिहिलं! जिन्यात उजेड भरपूर होता. चालणाऱ्याने पायाखाली बघणं अपेक्षित आहे. आमच्याकडे तोंडी सूचना देण्याची पद्धत आहे. दोन परीक्षांत जमलं नाही असं बांधेसूद उत्तर पहिल्यांदा उतरलं होतं. ते दाखवायला ती सासऱ्यांकडे गेली. सासरे निवृत्त बसचालक, रोज तिची उजळणी तेच घेत.

त्यांनी कागद दोनदा वाचला. “तिला सूचना दिली कोणी?”

“कोणीच नाही. पण बाबा, नुसत्या बघणाऱ्यावर कायदा कर्तव्य टाकत नाही. पुस्तकात आहे.”

“बघणाऱ्यावर नसेल टाकत. जिना कोणाचा?”

ती कागद परत घेऊ लागली.

“तीस वर्षं बस चालवली मी. हॉर्न सगळेच वाजवतात गं. पण हॉर्न वाजवला म्हणून ब्रेक माफ होत नाही. तुम्ही आठ महिने नुसता हॉर्न वाजवताय. त्या दिवशी तर तोही वाजला नाही.”

तिला राग आला. सासऱ्यांचा, अध्यक्षांचा, करड्या दगडाचा आणि त्या बाईचासुद्धा, जिने नेमकी त्याच दिवशी बदली घ्यावी! मग राग एकेकावरून घसरत घसरत घरी आला. तिने कागद फाडला.

नवं पत्र बैठकीत वाचलं तेव्हा कुजबुज झाली. पायरीची तक्रार आठ महिने आमच्याकडे होती, समितीने हयगय केली, बाईंची चूक नाही. अध्यक्षांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की उद्या दावा झाला तर त्यात चिटणीस म्हणून तुझं नाव येईल आणि सनदेच्या अर्जात ते लिहावं लागेल. तिला ते माहीत होतं. रात्रभर त्याच्याच हिशेबात तिचा डोळा लागला नव्हता. घड्याळजींनी आधी हात वर केला, मग आणखी चौघांनी. तेवढे पुरले.

पत्राची प्रत घेऊन ती परिचारिकेच्या घरी गेली. बाई डाव्या हाताने रबराच्या नळीत सुई घालायचा सराव करत होती. नळी निसटत होती आणि बाई पुटपुटत शिव्या देत होती. तिने पत्र वाचलं.

“त्या दिवशी आत कोणीतरी मोठ्यानं पाठ करत होतं. ते तुम्हीच का?”

“हो.”

“माझी पावलं ऐकू आली होती?”

“हो. परकी आहेत, तेही कळलं होतं.”

बाईने पत्र तिच्यापुढे सरकवलं. “मग ह्यात सगळीकडे ‘समिती’ कशाला? समितीला कान नसतात.”

प्रश्न दुसरा. ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात?

सूनबाईने पेन काढलं. सहीच्या वर जागा थोडीच होती. ‘मी पावलं ऐकली. मी उठले नाही,’ एवढंच तिने लिहिलं आणि खाली सही केली. बाईने डाव्या हाताने कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा सूनबाईने दुसरं टोक धरलं.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या वाटेत अशी एखादी पायरी असते, आणि तिच्याबद्दल सर्वांना सांगून आपण मोकळे होतो. धोका ठाऊक असणं ही हुशारी नव्हे, जबाबदारीची ती सुरुवात आहे. जे आपलं आहे, ते दुरुस्तही आपणच करायचं असतं. आणि कोणी पडलंच, तर ‘आम्ही’च्या गर्दीतून बाहेर येऊन ‘मी’ म्हणायचं असतं.