दुःख नसलेली पोरगी

गाण्याच्या स्पर्धेतून सातव्या आठवड्यात बाहेर पडून श्रिया इंदूरला परतली, तेव्हा स्टेशनवर ढोल होता, हार होते, आमदाराचा माणूसही होता. सुमेधा नव्हती.

कशी असेल? दोन वर्षं जिच्या स्कूटीवर बसून ही पोरगी गाण्याच्या क्लासला गेली, तिच्याच देखत टीव्हीवर म्हणाली, मला एकही मैत्रीण नाही.

म्हणायला लावलं होतं. पहिल्याच आठवड्यात चॅनलची बाई कपाळाला हात लावून बसली. वडील शाळेत मास्तर, आई धडधाकट, घरात कुणी मेलेलं नाही. असल्या सुखी पोरीला मतं कोण देणार? वडील पितात म्हण, बाईनं सुचवलं. श्रिया हादरली. बाबांना उद्या वर्गात उभं राहायचं होतं. मग घाईघाईत तिनंच तोडगा काढला, मी एकटी आहे असं सांगते. सुमेधा काय, समजून घेईल. घरची अब्रू वाचवायला जिवाभावाचं माणूस आधी कापायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. सोळाव्या वर्षीच अंगात मुरलेली. बाई खूश झाली. पोरीला खिडकीत बसवून डोळ्यांत थेंब घातले.

चौथ्या दिवशी श्रिया भंवरकुआंला, सुमेधाच्या कोचिंगबाहेर जाऊन उभी राहिली. पोरींनी घेरलं. त्यातल्या एकीनं सहज सांगून टाकलं, की सुमेधा दर शनिवारी तिच्या होस्टेलमधल्या सगळ्यांचे मोबाइल मागून घेऊन श्रियाला मतं द्यायची. एकही मैत्रीण नाही असं टीव्हीवर आलं, त्या शनिवारीसुद्धा दिली. तीस पोरी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, तरी दिली.

तेवढ्यात सुमेधा आली.

"बाबांचं नाव घालत होते गं त्यात," श्रिया म्हणाली.

"म्हणून मला घातलंस."

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"तेच तर ना यार. नाव घेतलं असतंस तर लड़ तो लेती मैं तुझसे. तू तर मला ठेवलंच नाहीस."

एका पोरीनं सुमेधाच्याच हातात मोबाइल दिला, दीदी, हम सबका एक फोटो. सुमेधानं नीट काढला. श्रियाचे डोळे मिटले होते म्हणून परत काढला. मोबाइल परत केला आणि फिजिक्सच्या तासाला जिना चढून गेली.

पोरी फोटो बघायला मोबाइलवर झुकल्या. श्रियाकडे कुणीच बघत नव्हतं.