सात बायकांनी नासवलेली नदी

दोन हजार एकच्या मार्चात कुरुंदवाडच्या वरच्या अंगाला पंचगंगेचं पाणी काळं पडलं आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. नदीकाठच्या बौद्धवाड्यात नळ पोचलेला नव्हता. माणसं तेच पाणी गाळून पीत होती आणि घरोघरी जुलाब लागले होते.

साठीच्या चिमणाबाई कांबळेनं बाटलीभर काळं पाणी घेतलं, एसटी धरली आणि शाहूपुरीतल्या प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"पाणी हाय. साखर कारखान्यानं मळी सोडलीया नदीत."

"बाई, हा नमुना आम्ही घेतलेला नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे पाणीच नव्हे."

"मग चहा म्हणून घ्या की!"

साहेबांनी चहा घेतला नाही. लेखी तक्रार मात्र घेतली, तीन प्रतींत. ती चिमणाबाईच्या भाच्यानं, बुद्धभूषणनं लिहून दिली होती. तो कुरुंदवाडच्या कोर्टात नुकताच वकिली करू लागला होता.

आणि सरकार खरोखर हललं. आठवड्यात जीप आली. आधी कारखान्याच्या विश्रामगृहात तांबडा-पांढरा रस्सा झाला, मग साहेब तृप्त मनानं घाटावर उतरले. तिथं चिमणाबाई, शेजारची धोंडुबाई आणि आणखी पाचजणी गोधड्या धूत होत्या. साहेबांना गुन्हेगार सापडले. नमुना घेतला, बाटलीला सील लावलं, पंचनामा झाला.

दोन महिन्यांत समन्स आलं. सातही बायकांवर नदी प्रदूषित केल्याचा खटला! कारखान्याला नोटीस पाठवायला साहेबांना सवड झाली नव्हती. पर्यावरण दिनाला तिथं झाडं लावायची होती आणि प्रमुख पाहुणे तेच होते.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"गोधड्या धुतल्या ह्ये कबूल," चिमणाबाई म्हणाली. "सातजणींत साबणाची एक वडी हुती. ती बी अर्धी."

धोंडुबाईनं चिमणाबाईचा पदर धरून ठेवला होता. ती जन्मात कोर्टाची पायरी चढली नव्हती.

बुद्धभूषणनं भाषण केलंच नाही. नमुन्याचा अहवाल मोठ्यानं वाचावा, एवढीच विनंती केली. सरकारी वकिलांनी वाचायला घेतलं आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. पाण्यात कारखान्याच्या दारूभट्टीतली मळी भरपूर सापडली होती. साबण नगण्य.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "या बायकांनी गोधड्या मळीत धुतल्या, असं सरकारचं म्हणणं आहे का?"

सरकारी वकिलांनी पुढची तारीख मागितली. ती मिळाली नाही. बायका सुटल्या आणि अहवालाची नक्कल बुद्धभूषणच्या हातात आली. कारखान्याविरुद्ध असा सरकारी शिक्क्याचा पुरावा साहेबांशिवाय दुसऱ्या कुणाला जमवताच आला नसता.

ती नक्कल घेऊन तो हायकोर्टात गेला. मळीचा पाइप बंद व्हायला पुढं दोन वर्षं लागली. तोवर धोंडुबाई काविळीनं गेली होती. साहेबांना बढती मिळाली होती.

कारखान्यानं हायकोर्टाच्या हुकमावरून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि थाटात उद्घाटन ठेवलं. चिमणाबाईच्या सत्काराची पत्रिका घेऊन शिपाई आला.

"आत्ती, जाणार काय?" बुद्धभूषणनं विचारलं.

"धोंडुबाईला बी हाय का पत्रिका?"

त्यानं पत्रिका घडी घालून खिशात टाकली. उद्घाटनादिवशी चिमणाबाई तालुक्याला गेली. बौद्धवाड्याचा नळ कुठल्या टेबलावर अडलाय, ते तिला विचारायचं होतं.