आडनाव राहिलं

महायुद्धाचे दिवस होते, आणि कँटीनचा नियम साधा होता. सुट्टीवर आलेल्या सैनिकांबरोबर नाचा, हसा, त्यांना पोटभर सँडविच खाऊ घाला. आडनाव आणि पत्ता मात्र कुणाला द्यायचा नाही. व्हर्नानं हा नियम कधी मोडला नव्हता. दिवसभर विमानाच्या कारखान्यात पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची आणि संध्याकाळी हॉलिवूडच्या त्या कँटीनमध्ये फुकट राबायची. भाड्याच्या खोलीत तिची वाट बघायला चिटपाखरूही नव्हतं.

मग तिथं सिनेमाचं शूटिंग लागलं. बडे नट बशा विसळणार, नट्या गाणार. सैनिक आणि पोरी मात्र खऱ्याच. व्हर्नाच्या वाट्याला आला लाइल, आयोवाचा, मोठ्या कानांचा. दिग्दर्शकानं एकच नाच दुपारभर करवला. मेल्यानं आठवडाभर करवला असता तरी ती कुरकुरली नसती!

"पाय दुखले असतील तुझे," लाइल म्हणाला.

"दुखतील नाही तर काय! तूच तुडवलेस."

तो हसला. "उद्या बोट सुटतेय माझी. कारखाना सांगितलास, पण तिथं हजारो बायका. नुसत्या व्हर्नाला पत्र कसं पोचणार? आडनाव सांग की."

पोरींवर देखरेख करणाऱ्या हॅस्केलबाई शेजारीच उभ्या होत्या. व्हर्नानं त्यांच्याकडे चोरून पाहिलं.

"सिनेमा बघ," ती कुजबुजली. "शेवटी आम्हा सगळ्यांची आडनावासकट नावं येणारेत. व्हर्ना मी एकटीच आहे."

कपडेपटातल्या बाईनंच तिला तसं सांगितलं होतं. हिला काय, खरंच वाटलं!

नाताळात सिनेमा लागला, व्हर्ना बघायला गेली. नाच आला. समोर गाणारी नटी, तिच्यामागे लाइलचे कान आणि व्हर्नाचं कोपर. शेवटी नट्यांची नावं आली, नटांची आली, आणि मग एकच ओळ: कँटीनच्या सर्व मुलींचे आभार. संपलं.

कुठल्याशा बेटावर, पडदा म्हणून बांधलेल्या चादरीसमोर बसून लाइल ती ओळ वाचेल. पुढं काहीच येणार नाही. अगं, सांगून टाकलं असतंस तर हॅस्केलबाई काय फासावर देणार होत्या? व्हर्नाला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

ती उठली नाही. पुढचा खेळ सुरू झाला. नाच आला, ते कान दिसले.

"स्कोग्लंड," ती मोठ्यानं म्हणाली. "व्हर्ना स्कोग्लंड."

"ओ बाई, गप्प बसा की!" पुढच्या रांगेतला म्हातारा खेकसला.