शब्दाचा मार

वेडसर, मतिमंद, बहिरं माणूस समोर आलं तर पोलिसाने काय करायचं, याचं ठाण्यात दिवसभराचं प्रशिक्षण होतं. अर्धे हवालदार नुसते जेवणाच्या आशेवर आलेले. उत्तम मात्र कान टवकारून बसलेला. हाक मारूनही थांबत नाही म्हणून त्याच्याच चौकीतल्या एकाने मागे एका बहिऱ्या पोराला झोडपलेलं, आणि ते पोर उत्तमच्या डोळ्यांपुढून काही हलत नव्हतं.

"शहाण्याला शब्दाचा मार, मॅडम," मागून कुणीतरी पचकलं, "वेड्याला कशाचा?"

सगळे खिदळले. शिकवायला आलेल्या नीरजा मॅडम हसल्या नाहीत. "त्यालाही शब्दच. काठी बाजूला ठेवा, आवाज खाली आणा, आणि एका वेळी एकच सोपा शब्द. थांब. ये. बस."

उत्तमने पाढे पाठ करावेत तसे ते शब्द घोकले. आणि झालं काय, आठवड्याच्या आत ते कामालाही आले.

दिवा गावाहून शकूबाईंचा फोन आला. त्यांचा धम्मपाल, चांगला पस्तिशीचा बाप्या, पण समज पाच वर्षांच्या पोराची, दार उघडं सापडताच निसटला होता. "तुमच्या चौकीसमोरच्या स्टँडवरच येईल तो, साहेब. गाड्यांचं लई वेड त्याला. निळा शर्ट आहे. मी निघालेच, पण मारू नका हो त्याला. मागे लोकांनी चोर समजून..." पुढे बाईंना बोलवेना.

"मावशी, बोटही लावणार नाही. शब्द देतो."

स्टँडवर गाड्या वळतात त्या मोकळ्या जागेत धम्मपाल कानांवर हात दाबून उभा होता. भोवती ही गर्दी! कुणी मोबाइल धरलेला, कुणी "ए येड्या" म्हणून खडे मारतोय. उत्तमने सगळ्यांना मागे हाकललं, काठी जमिनीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "धम्मा, ये."

धम्मपाल दोन पावलं आला.

"थांब."

थांबला की! कानांवरचे हातही खाली आले. उत्तमला असा आनंद झाला म्हणता, वाटलं, आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन लावावा. आता याला जरा खाली बसवावं, आई येईपर्यंत शांत राहील. त्याने धम्मपालच्या मागच्या कट्ट्याकडे हात केला.

"बस."

धम्मपालचा चेहरा उजळला. "बस?"

"हो रे राजा, बस."

उत्तमचा हात होता तिकडे धम्मपाल वळला. कट्ट्याच्या अलीकडून एक लाल गाडी वळण घेत होती. "बस! बस!" ओरडत, दोन्ही हात पसरून तो तिच्याकडे धावत सुटला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण मध्ये अंतरच नव्हतं. अरे देवा, त्या मॅडमचं तरी काय चुकलं, आणि या उत्तमचं तरी!

शकूबाई थेट हॉस्पिटलात आल्या. तोवर आत धम्मपालवर चादर ओढून झाली होती.

"मारलं नाही ना त्याला?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही मावशी. बोटही लावलं नाही."

"मग असा धावला कसा?"

"शांत झालेला हो. मी फक्त बस म्हणालो. खाली बस, म्हणून."

शकूबाई रागावल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या, तर उत्तमला सोसलं असतं.

"आमच्या घरात तो शब्दच काढत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "बस म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. खाली बसवायचं तर आम्ही 'टेक' म्हणतो."

बोलता बोलता त्यांनी भिंतीचा आधार घेतला. उत्तमने धावत जाऊन स्टूल आणलं, त्यांना धरलं. तोंडाशी आलेला शब्द त्याने तसाच गिळला.

"टेका, मावशी."

तो शब्द कानावर पडला मात्र, आणि शकूबाईंनी हंबरडा फोडला.