अडतीस वर्षांचं विरजण

आज तिसऱ्या दिवशीही दही लागलं नाही. तुळजाबाईनं झाकण काढून बोट बुडवलं, तर दूध जसंच्या तसं पातळ. तिनं कपाळाला हात लावला.

ओट्यावर तिचा नवरा सावळाराम भिंतीला टेकून बसला होता. टायफॉईडच्या गोळ्यांनी ताप गेला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. पंधरा दिवसांत गडी निम्मा झाला. शिरूरचे डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेलेत. घरचं ताजं दही द्या रोज. हळूहळू भरून येईल."

घरच्या दह्याला तुळजाबाईकडे काय तोटा? दौंडकडच्या माहेरून आणलेलं विरजण तिनं अडतीस वर्षं मोडू दिलं नव्हतं. अर्ध्या आळीला तिनंच ते वाटलेलं. परवा तेच वाया गेलं. काल शेजारच्या मेहरुननं होतं नव्हतं तेवढं परत दिलं, तेही गेलं. घरच्या माणसाला हवं तेव्हाच नेमकं हे असं.

"अवो, दूध तरी घ्या," तिनं पेला पुढं केला.

"नगं गं. आतडी पिळवटत्यात."

"माझ्यासाठी घ्या. अंगात काय ऱ्हायलंय तुमच्या?"

त्यानं गुमान पेला घेतला.

एवढ्यात गुरांचा डॉक्टर हृतिक आला. दावणीला एकच गाय, तिची कास सुजलेली. ती चाचपून तो म्हणाला, "उतरलीय सूज, काकू. उद्याचं इंजेक्शन शेवटचं."

"त्ये ऱ्हाऊ दे. दही का लागंना रं?"

हृतिक थबकला. "ह्या गायीच्या दुधाचं? डेअरीत घालू नका म्हणलं हुतं की."

"न्हाईच घातलं. घरातच ठिवलं."

"अवो, इंजेक्शनचं औषध दुधात उतरतं. विरजण मरतंय त्यात. ते पेऊ बी नये, आजाऱ्यानं तर न्हाईच. टाकून द्यायचं असतं."

दूध टाकायचं? सांडलेल्या दुधावर पाय पडला तर हात जोडणारी बाई ती. डेअरीला चालत नाही म्हणून चार दिवस सगळं दूध तिनं नवऱ्यालाच पाजलं होतं, सकाळ-संध्याकाळ, गोड बोलून, रागावून. ती धावत ओट्याकडे आली.

सावळारामनं रिकामा पेला उपडा करून तिला दाखवला.

"सगळं पेलो बघ," तो म्हणाला. "आता तरी रुसू नगंस."

तुळजाबाईनं पेला हातात घेतला आणि त्याच्या पायाशी बसली.